रॉकेल आलेलं नाही, मी धावते आहे

९ नोव्हेंबर १९८६, रविवार. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि मी मोरीत बसून फराळाचे रिकामे डबे सोड्याच्या पाण्याने घासत होते. चकलीचा डबा सगळ्यांत वाईट. तेल कडांना धरून बसतं आणि नखाने खरवडल्याशिवाय निघत नाही. नवरा दारात उभा राहून धुतलेले डबे पुसत होता. तेवढं काम त्याला जमतं.

"मी धावणार आहे," मी त्याला सांगितलं.

"कुठे?"

"आरे कॉलनीत. जानेवारीत. तीन किलोमीटर."

त्याने डबा खाली ठेवला. "का?"

का, ते असं होतं. आमच्या ऑफिसचे खेळ दर जानेवारीत एका रविवारी आरे कॉलनीत होत. पुरुषांसाठी पाच किलोमीटरची शर्यत, रस्साखेच, क्रिकेट. बायकांसाठी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. लिंबू-चमच्यात मी तीन वर्षं लागोपाठ पहिली आलेली आहे. स्टीलच्या तीन वाट्या घरात आहेत, रोजच्या आमटीला वापरतो. पण तोंडात चमचा धरून, साडी सावरत वीस पावलं चालण्याला शर्यत म्हणायचं असेल तर मी भाजी आणायला जाते तीही शर्यतच. आदल्या दिवशी खेळ समितीची मीटिंग झाली, त्यात मी हे बोलून दाखवलं.

समितीचे सेक्रेटरी अकाउंट्समधले गृहस्थ. माणूस वाईट नाही, पण आवाज मोठा आणि ऐकणारे असले की आणखी मोठा होणारा. ते म्हणाले, "बाई, धावायचंय? धावा ना! पाच जणींची नावं द्या. तीन किलोमीटर. मध्ये थांबायचं नाही, चालायचं नाही. पाचही जणी पोचल्या तर बायकांची शर्यत कायमची. एक जरी मध्ये बसली तर पुन्हा लिंबू-चमचा, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. पाच नावं तिथल्या तिथे झाली. चार पोरी तिशीच्या आतल्या आणि पाचवी मी, त्रेचाळीस वर्षांची.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि ती मध्ये बसणारी एक कोण असेल?"

"हसू नका. डबा पुसा."

पण तो बरोबर बोलत होता. चार जणींचं काय व्हायचं ते माझ्या दोन पायांवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मुलीचा पंजाबी ड्रेस आणि तिचे शाळेतले कॅनव्हासचे बूट घालून खाली उतरले. ओढणी घ्यावी की नाही यात पाच मिनिटं गेली. घेतली, आणि कमरेला गच्च बांधली. मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी दूध केंद्र आहे, तिथे त्या वेळी आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायकांची रांग असते. मी रांगेसमोरून धावत निघाले तशी एकीने विचारलं, "काय गं, कुठे?"

धावताना बोलता येत नाही हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. म्हणून मी हात पुढे करून दाखवला. म्हणजे, पुढे चालले आहे. पुढे काय होतं? रेशनचं दुकान.

थोड्या वेळाने मागे चपलांचा आवाज यायला लागला. एक जोडी, मग तीन जोड्या, मग टिनाच्या डब्यांचा खणखणाट. मला वाटलं, कुणाला तरी काहीतरी झालंय. वळून बघायची सोय नव्हती, पाय एकमेकांत अडकले असते. दुकानापर्यंत पोचले, शटरला हात टेकून उभी राहिले आणि धापा टाकायला लागले. मागे वळून बघते तर माझ्यामागे रांग लागलेली. सात बायका, हातात रॉकेलचे डबे, एक तर नरसाळंही घेऊन आलेली. सगळ्यात शेवटी एक काका, तोंडात दात घासायचा ब्रश तसाच.

"किती लिटर देतायत?" माझ्या मागचीने विचारलं.

"काय?"

"रॉकेल गं! गाडी आली ना?"

"मला काय माहीत?"

"मग तू धावत का होतीस?"

"व्यायाम," मी म्हटलं.



"व्यायाम!" ती म्हणाली. "मी गॅसवर दूध ठेवून आलेय!" आणि पळाली. ती मात्र खरी धावली. मी तिच्या निम्म्या वेगानेही धावत नव्हते.

रांग मोडली का? नाही. आलोच आहोत तर, म्हणून बाकीच्यांनी आपापले डबे शटरसमोर ओळीने ठेवले आणि घरी गेल्या. नऊ वाजता दुकानदार आला तेव्हा रॉकेलचा पत्ता नाही आणि दारात सहा डबे नंबर लावून बसलेले. त्याने गल्लीत चौकशी केली. नाव माझं निघालं.

मंगळवारी मी मागच्या गल्लीने गेले. तिथे आमच्याच बिल्डिंगमधल्या एकाने स्कूटर आडवी घातली. "वहिनी, बसा मागे. कुठल्या हॉस्पिटलात नेलंय?"

माझ्या वयाची बाई मुलुंडच्या रस्त्यावर धावते याचे दोनच अर्थ होते. काहीतरी आलंय किंवा कुणीतरी जातंय. तिसरा अर्थ समजावत बसले असते तर शर्यत होऊन गेली असती.

आमच्या वरच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते. तिचा नवरा मस्कतला नोकरीला. सुट्टीवर येताना तो काय आणेल याचा भरवसा नाही. त्या वर्षी त्याने चालायचं मशीन आणलं होतं. खोक्यावर ट्रेडमिल लिहिलेलं, पण सगळे मशीनच म्हणत. रॉकेलची हकिकत ऐकून ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग म्हणाली, "अगं मूर्ख, रस्त्यावर कशाला जातेस? वर ये ना. माझं मशीन आहे की. त्याच्यावर मी गाद्या रचून ठेवल्यात."

गाद्या काढल्या. खाली लोखंडी चौकट, तिच्यावर दोन रुळांमध्ये ताणलेला रबरी पट्टा, समोर आडवी दांडी आणि दांडीवर एक लहानसं मीटर. विजेचं काम नाही. दांडी धरायची, पायाने पट्टा मागे ढकलायचा, की पट्टा फिरायला लागतो आणि तुम्ही जागच्या जागी धावता. पहिल्या दिवशी पट्टा गेला मागे आणि मीही गेले मागे. मैत्रिणीने पाठीला हात लावून मला अडवलं. दोघीही जमिनीवर बसून हसलो. उठायला वेळ लागला.

पण चार दिवसांत जमलं, आणि जमल्यावर मला ते फारच आवडलं. डोक्यावर पंखा. पाण्याचा तांब्या हाताशी. शिवाय बोलता येत होतं, हे कसं ते मला तेव्हा कळलं नाही. मैत्रीण समोर पाटावर बसून मेथी निवडायची आणि मला बिल्डिंगमधल्या बातम्या सांगायची. कुणाचं लग्न जमलं, कुणाच्या सुनेने वेगळा गॅस मागितला. मी धावत धावत मतं द्यायची. समोरच्या इमारतीतल्या स्वयंपाकघराची खिडकी दिसायची, तिथली बाई पोळ्या लाटायची. माझा एक किलोमीटर म्हणजे तिच्या नऊ पोळ्या. कुणी विचारत नव्हतं कुठे चाललीस, कारण मी कुठेच चालले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात एक घोटाळा झाला. मी नवऱ्याला मशीनचं सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं मी अजून रस्त्यावरच जाते. एका सकाळी तो चहा पीत असताना छत हादरायला लागलं आणि गिलाव्याचा एक पोपडा सरळ त्याच्या कपात पडला. तो कप हातात घेऊन तडक वर गेला. मैत्रिणीने दार उघडलं.

"वहिनी, तुमच्याकडे सकाळी सकाळी कोण रेडा नाचवतं?" तो म्हणाला.

"तुमचाच आहे," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मी दांडी धरून धावत होते. त्याने माझ्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "किती झालं?"

"दोन पूर्णांक चार."

"तीन कर मग," तो म्हणाला आणि खाली गेला. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळी तो कपावर बशी झाकून बसायला लागला.

डिसेंबर संपता संपता मी तीन किलोमीटर न थांबता धावत होते. ऑफिसात आकडा रोज जाहीर करत होते. सेक्रेटरींच्या टेबलाजवळून जाताना जरा जोरातच. ते म्हणायचे, "वा बाई, झकास!" आणि मी मनात म्हणायचे, बघाच आता.

४ जानेवारीला, शर्यतीच्या बरोबर एक आठवडा आधी, आम्ही पाचही जणी सराव करायला आरे कॉलनीत गेलो. सकाळची थंडी, दोन्ही बाजूंना झाडं, गोठ्यांकडून शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. रस्ता मोकळा. मला इतकं छान वाटलं की मी सगळ्यांच्या पुढे निघाले.

मागून हसण्याचा आवाज आला. आमच्यातली एक टायपिस्ट होती, भांडुपची, मूळची मालवणकडची. ती ओरडली, "काय गो ताई, हातगाडी ढकलतास काय?"

मी खाली बघितलं. माझे दोन्ही हात समोर ताठ होते आणि मुठी आवळलेल्या. दांडी नव्हती, पण मी ती धरलेलीच होती.

हात खाली घेतले तर ते कुठे ठेवायचे कळेना. लोंबकळले की पंजाबी ड्रेसला घासत, वर घेतले की पुन्हा दांडी धरत. त्यात चढ आला. मशीनवर मी इतके दिवस निम्मं अंग त्या दांडीवर टाकून धावत होते, म्हणून तर गप्पा मारता येत होत्या, हे त्या चढावर समजलं. तिथे पट्टा आपण होऊन मागे जातो. इथे रस्ता एक बोटभर हलत नव्हता. मलाच हलायचं होतं, अख्ख्या वजनासकट. समोरून वारा, डोळ्यांत पाणी, बाजूने बस गेली तिचा धूर. एक किलोमीटरच्या आसपास ओढ्यावरची एक मोरी लागली, तिच्या कठड्यावर मी बसले.

चौघी माझ्याभोवती उभ्या राहिल्या. टायपिस्ट म्हणाली, "ताई, राग मानू नका हां. तुमच्या जागी दुसरी कुणी बघू या काय?"

"दुसरी कोण आहे?"

कुणीच नव्हतं. ऑफिसातल्या बाकीच्या बायकांना विचारून झालं होतं.

"मी शाळेत जिल्ह्यापर्यंत धावले होते," ती म्हणाली. "लग्नानंतर धावायचं म्हणजे बस पकडायची. ही एकच शर्यत मिळतेय मला, ताई. तुम्ही बसलात की माझी पण बसली."

मला राग आला. तिचा नाही. ती खरं तेच बोलत होती, आणि ते तोंडावर बोलत होती.

"आठ दिवस दे," मी म्हटलं. "सातच दे."

घरी आले ती बूट न काढता खालच्या मजल्यावरच्या चेअरमनकडे गेले आणि सोसायटीच्या फळ्यासाठी खडू मागितला. फळ्यावर पाण्याच्या वेळा आणि देखभालीची सूचना होती. तिच्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं:

उद्यापासून शनिवारपर्यंत रोज सकाळी सहा वाजता मी रस्त्यावर धावणार आहे. रॉकेल आलेलं नाही. साखर आलेली नाही. घरी सर्वांची तब्येत उत्तम आहे.

खाली नाव आणि खोली नंबर. चेअरमननी चष्मा लावून दोनदा वाचलं. "सूचनेवर सही लागते," म्हणाले आणि स्वतःची सही ठोकून दिली. मग मी दूध केंद्रावर जाऊन तोंडी सांगितलं आणि रेशन दुकानदारालाही सांगून आले. तो म्हणाला, "वहिनी, आधी सांगितलं असतं तर मला त्या दिवशी शिव्या नसत्या पडल्या."

सोमवारी सहाला खाली उतरले तर दूध केंद्राच्या रांगेतून आरोळी आली, "आली, आली!" कुणी डबा घेऊन निघालं नाही. उलट एकेकीला सल्ले फुटले. "तोंड मीट!" "टाच टेकव आधी!" ज्यांनी आयुष्यात पाऊल उचलून टाकलं नव्हतं त्याही शिकवत होत्या. वरच्या मैत्रिणीचं काम एकच. गॅलरीतून माझ्यावर नजर ठेवायची आणि मी हात पुढे केले की ओरडायचं, "दांडी सोड!" तिचा आवाज स्टेशनपर्यंत जातो. मंगळवारपर्यंत सगळी गल्ली ओरडत होती, "दांडी सोड!" बुधवारी नाक्यावरचा पाववाला ओरडला. त्याला दांडी कसली ते माहीत नव्हतं.

आणि मला मजा यायला लागली. मशीनवर नऊ पोळ्या, मग आणखी नऊ पोळ्या, असं मोजत बसावं लागायचं. रस्त्यावर मोजायला सवडच नाही. पालिकेने खणलेला खड्डा, तो चुकवला की कुत्रं, ते चुकवलं की ताज्या पावाचा वास, मग अचानक पहाटेचा गार वारा सरळ तोंडावर, मग उतार. तो उतार तर फुकटचाच. शरीर आपण होऊन पळतं आणि त्रेचाळीस वर्षांच्या बाईला मोठमोठ्याने हसावंसं वाटतं. मी हसलेही. एका गृहस्थांनी घाबरून फूटपाथ बदलला. परतताना रेशनच्या दुकानासमोर दुकानदाराचा भाऊ शटरवर पाणी मारत असायचा. तो रोज न चुकता म्हणायचा, "आज पण आलेलं नाही हां, वहिनी!"

शुक्रवारी मी तीन किलोमीटर पूर्ण केले. म्हणजे नवऱ्याच्या स्कूटरवरच्या मीटरप्रमाणे तीन. तो शेजारून पहिल्या गिअरमध्ये आला होता. "पेट्रोल जळतंय," एवढंच बोलला.

रविवारी, ११ तारखेला, आरेत सगळं ऑफिस जमलं होतं. पुरुषांची शर्यत उरकलेली, पुरी-भाजीच्या प्लेट फिरत होत्या. सेक्रेटरी स्कूटरवर आमच्यामागून येणार होते, कोण चालतंय, कोण थांबतंय ते बघायला. शिट्टी वाजली. टायपिस्ट बाणासारखी सुटली, मग बाकीच्या तिघी, मग मी. हात कमरेपाशी. दीड किलोमीटरवर वळसा घालून परत यायचं होतं. वळशापर्यंत सगळं ठीक होतं. परतताना पुढच्या चौघी एका गोठ्याच्या फाटकापाशी पोचल्या आणि नेमक्या तेव्हाच फाटकातून म्हशी निघाल्या.

एक नाही, दोन नाही. अख्खा रस्ता काळा झाला. हाकणारा भैया शांतपणे बिडी ओढत मध्ये उभा. चौघींचे पाय मंदावले.

"थांबू नका!" मी मागून ओरडले. "जागच्या जागी! मशीन, मशीन!"

त्यांना मशीन कळलं नाही, पण मी जाऊन त्यांच्या शेजारी जागच्या जागी धावायला लागले तेव्हा कळलं. पाच जणी एका ओळीत, म्हशींच्या तोंडासमोर, गुडघे उचलतोय, पुढे एक पाऊल नाही. त्या एका बाबतीत मी चौघींपेक्षा तयार होते. जागेवर धावायचा दोन महिन्यांचा अनुभव माझ्याशिवाय कुणाला होता? टायपिस्टला हसू अनावर झालं. "ताई, आता पडते मी," ती म्हणाली. सेक्रेटरी स्कूटर थांबवून बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं, आमच्या पायांकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं. शेवटची म्हैस मधोमध उभी राहून रवंथ करत आमच्याकडे बघत होती. भैयाने तिला ढकललं तेव्हा ती गेली.

हसण्यात माझा सगळा दम गेला होता. शेवटच्या चढावर चौघी पुढे गेल्या आणि मी एकटी राहिले. छातीत जाळ, पोटऱ्या दगड. डाव्या बाजूला आणखी एक मोरी होती, तिचा कठडा बसण्यासारखा. मी त्याच्याकडे बघितलं. तेवढ्यात टायपिस्ट परत उतरताना दिसली. ती पहिली आली होती. आली आणि उलटी फिरून माझ्या शेजारी धावायला लागली.

"त्या कठड्याकडे बघायचं नाही," ती म्हणाली. "बसलात ना, तर मी तुमच्या अंगावर बसेन."

"बोलू... नकोस..."

"बोलणार. पुढे बघा. ते काय, पुऱ्या दिसतात की नाही?"

दिसत होत्या. माणसं प्लेट हातात घेऊन उभी राहिली होती. नवरा होता, मैत्रीण होती. तिच्या तोंडात पुरी, म्हणून एकदाच तिचा आवाज फुटला नाही. मी चुन्याची रेघ ओलांडली आणि गवतावर आडवी झाले.

सेक्रेटरींनी स्कूटर स्टँडवर लावली, बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "पाच." मला प्लेट त्यांनीच आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना कठडा धरून उलटी उतरले, कारण सुलटी उतरता येत नव्हतं. ऑफिसात पंधरा मिनिटं आधी पोचले. सेक्रेटरी यायच्या आत त्यांच्या टेबलाशी उभी राहिले. त्यांनी पिशवी खुंटीला लावली तसा कोरा कागद पुढे केला. "कायमची शर्यत म्हणालात ना? लिहा." त्यांनी लिहिलं, सही केली, मी तारीख घालायला लावली. नोटीसबोर्डावर तो कागद मी स्वतः डिंकाने चिकटवला, टाचणी निघते म्हणून. मग जागेवर गेले. बसता येईना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभ्यानेच फायली पाहिल्या.